देवकाबाईंचा सांबाराचा वाफा

माझ्या सासूबाई देवकाबाई पान बघून चोर ओळखत. पानाला मधोमध भोक आणि खाली बारीक काळ्या लेंड्या, म्हणजे हिरवी अळी. कडेने कुरतडलेलं असलं तर नाकतोडा. चकाकती रेघ दिसली की गोगलगाय. आमच्या सौंदड गावातल्या बाया खाल्लेली पानं पदरात बांधून त्यांच्याकडे आणत, आणि त्या प्रत्येकीला आधी "एवढे दिवस झोपून राहिली होतीस का?" असं सुनावूनच उपाय सांगत.

पानावरच्या किडीला दव असतानाच चुलीची राख. पण रोप बुडाशी कापून आडवं पडलं, तर राखेचा काही उपयोग नाही. तो चोर मातीत असतो. बुडाभोवती बोट फिरवायचं, वेटोळं करून बसलेली मातकट अळी काढायची आणि कोंबड्यांना टाकायची.

चौपन्न सालच्या कार्तिकात त्यांची कंबर धरली. खाटेवरून उठवेना. घरामागच्या वाडीत सांबार, म्हणजे कोथिंबीर, नुकताच उगवला होता. बी त्यांच्या आईच्या वाडीतलं. आई गेली, माहेरचं घर मोडलं, उरलं ते एवढंच. जुनं बी नीट उगवत नाही, म्हणून दरवर्षी सगळं पेरायचं आणि नवं धरायचं. त्या वर्षीही त्यांनी एक दाणा मागे ठेवला नव्हता.

काही रोपं आडवी पडल्याचं मी त्यांना सांगितलं. "अळी कापून राहिली, प्रेमिला. बोट घाल," त्या म्हणाल्या.

मला अळीची भारी किळस. मी गेले, मूठभर राख फेकली आणि परत आले.

"काढल्या?"

"हो जी. कोंबड्यायले टाकल्या."

आठ दिवस मी हेच सांगितलं. नवव्या दिवशी भिंत धरत त्या स्वतः वाडीत आल्या. वाफ्यात राखच राख होती, रोप एकही नव्हतं. त्या खाली बसल्या, एका थोटकाभोवती बोट फिरवलं आणि पहिल्याच फेऱ्यात अळी निघाली.

"किळस येते, तं मले सांगाचं होतं. मी सरकत सरकत आली असती."

एवढंच बोलल्या. एरवी त्यांची जीभ काही कमी नव्हती. त्या दिवशी त्यांनी मला चांगलं झोडपलं असतं तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

पुढच्या वर्षी त्यांनी सडक अर्जुनीच्या बाजारातलं बी पेरलं. मी कोणी न सांगता सकाळीच वाफ्यात बसू लागले, किळस गिळून. अळ्या पळसाच्या द्रोणात आणून त्यांना दाखवायची. त्या "बरं" म्हणत. मग मी आत गेले की काठी टेकत जात आणि प्रत्येक रोपाच्या बुडाशी पुन्हा स्वतः बोट फिरवत.