बाबांच्या बाजूचे मुद्दे

बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात 'व्ह्यू-काउंटरव्ह्यू' नावाचा एक प्रश्न असतो. एका बाजूचे मुद्दे छापून दिलेले, आपण विरुद्ध बाजूने लिहायचं. उल्हासनगरच्या क्लासमधल्या सरांनी त्याचा रेडीमेड मसालाच दिला होता. सुरुवातीला 'नाण्याला दोन बाजू असतात', शेवटी 'सुवर्णमध्य साधावा', मधे काहीही कोंबा. आम्ही तेच घोकायचो, मार्कही पडायचे.

कॉलेजच्या मॅडमनी माझं तसलं उत्तर परत केलं. "यात तू कुठे आहेस?" अरे देवा! मी कशाला असायला हवी तिथे? पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. काहीही वाचलं की हे कोण बोलतंय, काय लपवतंय, तेच सुरू. रिक्षामागचं वाक्यसुद्धा धड वाचवेना.

पुढचा विषय आला, कारखान्यांमुळे गावाची भरभराट होते. मी मोरिवलीची, एमआयडीसीचा वास नाकात घेऊनच वाढलेली. एका बैठकीत विरुद्ध बाजू लिहून काढली. संध्याकाळी खिडक्या लावून घेणं, खवखवणारा घसा, वाळत घातलेल्या कपड्यांना येणारी ती घाण. मॅडम खूश. म्हणाल्या, उद्या गेटजवळच्या भित्तिपत्रकावर लावू.

तिथे माझं धाबं दणाणलं. बाबा तिथल्याच एका केमिकल कंपनीत ऑपरेटर, माझ्या जन्माआधीपासून. त्यांच्या सोबतच्या लोकांची पोरं माझ्याच कॉलेजात. पोरीनं बापाच्या कामाला नावं ठेवली, हे बाबांना कंपनीत कुणाच्या तरी तोंडून कळलं असतं तर? न विचारता लावायचं धाडस होईना आणि विचारायला तोंड उघडेना.

संध्याकाळभर मी नुसती आत-बाहेर करत होते. आई सुके बोंबील भाजत होती, वास पार नाक्यापर्यंत. बाबा आले, चपला काढता काढता रोजच्यासारखं म्हणाले, "काय केलंय गो आज?"

"नाकाला विचारा ना!" आई रोजच्यासारखीच करवादली.

जेवणं झाल्यावर मी एकदाचं वाचून दाखवलं, एकेका वाक्याचं मराठी करत. बाबांनी मान खाली घालून सगळं ऐकलं.

"खोटं काय नाय लिवलंस," ते म्हणाले. "पन माझ्या बाजूनं कोन लिवनार?"

मला रागच आला. प्रश्नात एकच बाजू मागतात, ती काय मी ठरवते? फणकाऱ्यानं कोरा कागद ओढला. "सांगा मुद्दे."

बाबा एकदम रंगात आले. हे घर त्याच नोकरीवर उभं राहिलं, दोन्ही आत्यांची लग्नं झाली, तू इंग्रजी शिकतेस ती पण तिच्यामुळंच. वर्षानुवर्षं एका डब्यात जेवणारे दोस्त मिळाले. मी भराभर लिहीत होते. शेवटी मुद्दाम टोचून विचारलं, "आणि वासाचं काय? त्यावर काय म्हणणं आहे तुमच्या बाजूचं?"

"वास?" बाबा हसले. "मला कंचा वास येतो गो? बोंबलाचा पन नाय येत. किती वरसा झाली."

आत आई भांडी घासत होती. तो आवाज थांबला.

हे कुठल्या बाजूला लिहायचं, ते मला ना क्लासच्या सरांनी शिकवलं होतं, ना मॅडमनी. पेन कागदावर टेकवून मी तशीच बसून राहिले.

"थांबलीस कशाला?" बाबा म्हणाले. "लिव ना."