इन ड्यू कोर्स

तायडेभाऊ सरकारी पत्र शेवटून वाचत. जावक नंबर काय, संदर्भ कशाचा, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. सहीपासून बोट वर न्यायचं, काम कधी होणार ते सांगणारे दोन-चार शब्द सापडले की त्यांच्याखाली लाल पेन्सिलीने रेघ मारायची आणि चष्मा कपाळावर चढवायचा. मग समोरच्या माणसाचा निकाल लागे.

अमरावतीला कचेरीच्या आवारात ते अर्ज लिहायला बसत. पन्नास-पंचावन्न सालातली गोष्ट. अर्ज करणाऱ्याला इंग्रजी येत नसे आणि उत्तर इंग्रजीतच येई, म्हणून त्यांच्यापुढे सकाळपासून माणसं असत. मीही त्यातलीच. मराठी सातवी होऊन नर्स झालेली. औषधांची नावं वाचता यायची, पण साहेबाचं इंग्रजी कळायचं नाही.

"साहेबाले तोंडावर नाही म्हनता येत नाही, बाई," ते पहिल्याच भेटीत म्हणाले. "म्हून त्यानं इतके शब्द करून ठेवले. शॉर्टली म्हनजे साल-सहा महिने. अ‍ॅट अ लेटर डेट म्हनजे हा साहेब बदलला का पाहू. अन् इन ड्यू कोर्स म्हनजे कधीच नाही. हे दिसलं का घरी जा अन् आपल्या कामाले लागा."

नांदगाव खंडेश्वरकडचा एक पाटील शाळेच्या छपरासाठी तीन वर्षं खेटे घालत होता. त्याच्या पत्रावर रेघ मारून भाऊंनी त्याला सरळ सांगितलं की वाट पाहू नका, टिनं तुम्हीच टाका. पाटील चिडून गेला, पण गावाने मिळून छप्पर घातलं. असं तोंडावर खरं बोलणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो तिथे.

मी धारणीच्या दवाखान्यात होते. आई अकोल्याला, अर्धांग झालेली, शेजारणीच्या भरवशावर. तिला जंगलातल्या त्या रस्त्याने आणणं शक्य नव्हतं, म्हणून मी अकोल्याला बदली मागितली होती. पहिल्या दोन पत्रांवर भाऊंनी लेटर डेटखाली रेघ मारली. तिसरं पत्र घेऊन गेले तेव्हा मी आधीच सांगून टाकलं की आता नाही असेल तर राजीनामा देते आणि आईजवळ जाऊन बसते.

भाऊंनी पत्र शेवटून वाचलं. पेन्सिल हातातच राहिली. चष्मा तसाच नाकावर ठेवून ते म्हणाले, "लवकरच. होऊन राह्यली तुमची बदली. नोकरी सोडू नका."

ते चष्मा कपाळावर न्यायला विसरले, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं. मी आनंदाने धारणीला परतले आणि शेजारणीकरवी आईला तेच कळवलं, लवकरच येते. पाच महिने ती दाराकडे तोंड करून पडून होती, असं शेजारीण म्हणाली. मी पोचले तेव्हा सारं आटोपलं होतं.

पुढे नवे डॉक्टर आले. त्यांना ते पत्र दाखवलं. त्यात होतं, इन ड्यू कोर्स.

मी अमरावती गाठली. भाऊंनी नाकारलं नाही. "राजीनामा देला असता तुमी. माय गेलीच असती, अन् नोकरीबी. मंग खाल्लं काय असतं?"

"नांदगावच्या पाटलाला खरं सांगता. मला का नाही?"

"तो गडी मानूस. तुमाले झेपलं नसतं."

हिशेब त्यांचा चुकीचा नव्हता. त्या नोकरीवरच मी आजवर जेवले. पण आईचे शेवटचे पाच महिने माझे होते, ते कुठे घालवायचे हे मी ठरवायचं होतं. भाऊंनी ते माझ्या वतीने परस्पर ठरवून टाकलं. त्यांना मी माफ केलं नाही, आणि आता करायला कोणी उरलेलं नाही.

आई गेल्यावर अडीच वर्षांनी माझी अकोल्याला बदली झाली. न मागता. तिथल्याच वॉर्डात एका सकाळी मुलाकडे अकोल्याला आलेले तायडेभाऊ भरती झाले, पोटात पाणी झालेलं, पाय सुजलेले. डॉक्टर बाजूला घेऊन म्हणाले, आठवडाभर काढला तर खूप. घरच्यांना कळवलं होतं, त्यांना नाही.

ते मला काही विचारणार नाहीत असं वाटलं होतं. पण तिसऱ्या दिवशी नाडी पाहताना त्यांनी मनगट सोडवून माझाच हात धरला आणि विचारलं, "घरी कधी सोडतेत, बाई?"

मी म्हणाले, "इन ड्यू कोर्स, भाऊ."

त्यांनी चष्मा हळूच कपाळावर चढवला. मग म्हणाले, "मराठीत सांगा नं."

मराठीतला शब्द मला येत होता. तिसऱ्या पत्राच्या वेळी त्यांनीच तो मला दिला होता. अगदी तोंडापर्यंत आला, आणि मी थर्मामीटर झटकून पुढच्या खाटेकडे वळले.