माझ्यासारखीच जीभ

सकाळी शटर अर्धं वर केलं होतं, तेवढ्यात समोरच्या चहावाल्यानं सांगितलं, "भाऊ, टेलर गेले." मी शटर पुन्हा खाली ओढलं. इकबाल जाणार हे ठाऊक होतं. नागपूरहून घरी आणलं तेव्हाच डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.  आता त्याला जाऊन दीड महिना होत आला. वरोऱ्यातले लोक भेटले की म्हणतात, तुमची जोडी फुटली. 

माझं पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान आणि त्याचं शिलाईचं, मध्ये एकच भिंत. शेतात पंप जळाले की माझा सीझन, लग्नसराईत त्याचा. बाकीचे दिवस आमचे. शर्टाची कॉलर त्यानंच शिवावी, पण वेळेवर देईल तो इकबाल कसला! गिऱ्हाईक चिडलं की म्हणायचा, "तुमचं माप जरासं बदललं वाटते, बसा, चहा घ्या," आणि गिऱ्हाईक खरंच बसायचं. मशीनवर बसला की डाव्या गालात खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून दुसऱ्याच्या हातावर ठेवणं ही आमच्याकडची माणुसकी. नको म्हटलं तर समोरचा रुसतो. मी स्वतः खात नाही, पण त्याचा खर्रा मीच घोटायचो. तांब्याची तार ओढून तळवे घट्ट झालेले, त्यामुळे त्याला माझ्याच हातचा आवडायचा.

माझी जीभ पहिल्यापासून विचित्र. लाल चट्टे, त्यांना पांढरी किनार, आज इथे तर चार दिवसांनी भलतीकडे. चंद्रपूरच्या एका दातांच्या डॉक्टरनं पाहून सांगितलं होतं, अशी नकाशासारखी जीभ असते काहींची, घाबरायचं कारण नाही. पुढे तो असंही म्हणाला होता, "डाग फिरता आहे तोवर ठीक. जो एकाच जागी बसतो, दोन-तीन आठवड्यांत जात नाही, तो दुखत नसला तरी दाखवायचा." यातलं पहिलं मी गावभर मिरवलं. दुसरं कामाचं नव्हतं, विसरून गेलो.

मागल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास इकबाल दुकानातल्या आरशापुढे जीभ काढून उभा होता. डाव्या कडेला पांढरा चट्टा, नखानं खरवडला तरी निघत नव्हता. "पाय ना बे, हे का आहे? दुखत तं नाई. डॉक्टरले दाखवू का?"

मी शेजारी उभा राहून माझी जीभ काढली. आरशात दोन जिभा पाहून आम्ही पोट धरून हसलो. "माह्यासारखीच तं आहे," मी म्हणालो. "काऊन घाबरून राह्यला? चुन्यानं भाजली असंल. नोको जाऊ, डॉक्टर उगाच टेस्टा लावते." त्याचा माझ्यावर विश्वास होता. माझ्या जिभेला इतक्या वर्षांत काही झालं नाही, मग त्याच्या जिभेला काय होणार? मी चुना थोडा कमी टाकून खर्रा घोटून दिला आणि स्वतःला मोठा शहाणा समजलो.

दिवाळीनंतर त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. मग तिखट झोंबायला लागलं, चट्ट्याच्या जागी गाठ आली, कान ठणकू लागला. तेव्हा कुठे तो नागपूरला गेला. ऑपरेशननंतर त्याचं बोलणं गेलं... ज्याच्या बोलण्यावर दुकान चालायचं त्याचं.

परवा चाळिसाव्याला त्याच्या घरी गेलो. भाभीनं ताट वाढलं, समोर बसली. म्हणाली, "भाऊ, तुमी तं त्याइले कितीदा म्हटलं डॉक्टरकडे जा म्हणून. ऑपरेशनच्या आधल्या दिवशी तेच सांगून राह्यले होते मले. म्हणे, त्याचं आयकलं असतं तं वाचलो असतो. मीच नाई गेलो. त्याले कोनी बोल लावू नोका."

 मी पाणी प्यालो, बरं म्हणालो, उठून आलो.

भाभी, तो तुमच्याशी खोटं बोलला, माझ्यासाठी. मी त्याला जा म्हटलंच नव्हतं. दाखवू का, असं त्यानं दोनदा विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा मीच त्याला नको जाऊ म्हटलं.