हिराजी तांडेलांचे कान

"मॅडम, लॉंचवरचा वायरलेस सेट चांगला होता की बिघडलेला, एवढंच सांगा," आमचे मॅनेजर सामंत साहेब म्हणाले.

"चांगला होता," मी म्हटलं. "तीनदा तपासला. दोष आढळला नाही."

चौकशीच्या टेबलापलीकडे हिराजी तांडेल उभे होते. तांडेल म्हणजे लॉंच चालवणारा प्रमुख माणूस. वय छप्पन्न, त्यातली तीस वर्षं आमच्याच लॉंचवर. हातातली टोपी त्यांनी पार पिळून काढली होती.

"मॅडम, एकदा लॉंचवर येऊन बगा," ते म्हणाले. "वर्कशापात न्हाय. चालत्या लॉंचवर."

सामंत साहेब हसले. "हिराजी, नाचता येईना अंगण वाकडं. सेटला कशाला नावं ठेवता?"

मी खाली मान घालून फाइल चाळत बसले. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

आमची सेवा म्हणजे प्रवासी लॉंच. रायगडच्या किनाऱ्यावरून खाडीचं तोंड ओलांडून पलीकडच्या धक्क्यावर माणसं न्यायची. कॉलेजची मुलं, कंपनीतले कामगार, म्हावऱ्याच्या, म्हणजे मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका. वाटेत मोठ्या जहाजांचा रस्ता आडवा येतो. म्हणून प्रत्येक लॉंचवर एक व्हीएचएफ सेट असतो, म्हणजे जहाजांचा वायरलेस. बंदराचं कंट्रोल त्यावरून सांगतं, थांबा, अमुक जहाज येतंय. असे सेट, जीपीएस, भोंगे, धक्क्यावरचे स्पीकर, या सगळ्यांची दुरुस्ती माझ्याकडे. मी, माझा टेक्निशियन प्रवीण आणि पत्र्याच्या छपराचं वर्कशॉप. नुकतीच मी निवृत्त झाले. ही गोष्ट माझ्या शेवटच्या दोन वर्षांतली.

हिराजींची पहिली तक्रार दिवाळीनंतर आली. सेट मध्येच गप्प होतो. दिवा लागलेला, चॅनेलचा नंबर दिसतोय, पण आवाज नाही.

"कुणी बोलतच नसेल तर आवाज कुठून येणार?" प्रवीण म्हणाला.

"सोला नंबरवर इतकी शांतता कंदीच नसते," हिराजी म्हणाले. सोळा नंबर म्हणजे सगळ्यांनी कायम ऐकत राहायचं चॅनेल. त्यावर सतत कोणी ना कोणी खरखरत असतंच.

आम्ही सेट उतरवून आणला, तपासला. ठणठणीत. परत बसवला. दहा-बारा दिवसांनी तीच तक्रार. पुन्हा आणला, पुन्हा ठणठणीत. तिसऱ्यांदा हिराजी स्वतः सेट काखेत मारून आले, तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. "तांडेल, आम्हाला दुसरी कामं नाहीत का हो?" मी बोलून गेले. आणि तपासून रजिस्टरमध्ये तिसऱ्यांदा लिहिलं, दोष आढळला नाही. खाली सही.

त्यानंतर आठवड्याभरात ते घडलं. थंडीचे दिवस, सकाळचं धुरकट वातावरण. एक टग बोट मागे बार्ज ओढत चालली होती. टग म्हणजे ओढणारी छोटी दणकट बोट, बार्ज म्हणजे इंजिन नसलेली मालाची होडी. दोघांमध्ये लांबलचक पोलादी दोर. कंट्रोलने हिराजींना तीनदा हाक मारली, थांबा. उत्तर नाही. लॉंच सरळ टग आणि बार्जच्या मधल्या मोकळ्या पाण्याकडे निघाली होती. त्या दोराने लॉंच उलटीपालटी केली असती.

हिराजींना दोर दिसला. त्यांनी इंजिन उलटं फिरवलं. लॉंच थांबली, माणसं एकमेकांवर कोसळली, एका शाळेतल्या बाईंचं मनगट मोडलं. बाकी कुणाला काही नाही. नजर शाबूत म्हणून एवढी माणसं वाचली, पण तसं कुणी म्हणालं नाही. प्रश्न एकच होता, हाक का ऐकली नाही? सेट चांगला आहे असं माझं रजिस्टर सांगत होतं. मग उरलं काय? कान.

त्यांना मेडिकलला पाठवलं. ऐकणं थोडं कमी निघालं. ज्या माणसाने तीस वर्षं इंजिनच्या डोक्यावर उभं राहून काढली, त्याचं दुसरं काय निघणार? शेरा पडला, लॉंच चालवण्यास अयोग्य. हिराजींना धक्क्यावर गेटला बसवलं. रांग लावा, पुढे सरका, एवढंच काम.

कोळी माणसाला बहिरा म्हणणं काय असतं ते मला नंतर कळलं. घोळ मासा पाण्याखाली आवाज करतो. जुने लोक होडीच्या फळीला कान लावून तो ऐकतात आणि मगच जाळं टाकतात. तरुणपणी हिराजी त्यात पटाईत होते. आसपासच्या होड्या त्यांचा कान बघून जाळं सोडायच्या म्हणे. त्याच माणसाला आता धक्क्यावरचे हमाल "ओ बहिरे मामा" म्हणायला लागले.

हिराजींच्या जागी दुसरा तांडेल आला. त्याची एकही तक्रार आली नाही. सामंत साहेब मला म्हणाले, "बघा मॅडम, माणूस बदलला, सेट सुधारला!" मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? आपण बरोबर होतो म्हणून बरंच वाटलं.

पावसाळ्यात लॉंच बंद व्हायच्या आठवड्यात सगळे सेट वार्षिक तपासणीला येतात. त्या दिवशी प्रवीण रजेवर होता आणि आमचा ओव्हन जळलेला होता. ओव्हन म्हणजे केक भाजायचा नव्हे हो. आलेला प्रत्येक सेट आधी उघडायचा, ब्रशने आतलं मीठ धुवायचं, ओव्हनमध्ये गरम हवेत वाळवायचा आणि मग टेस्ट बेंचवर घ्यायचा, ही आमची पद्धत. खाऱ्या हवेतली वस्तू घाणेरडी येते. घाणेरडी वस्तू बेंचवर घ्यायची नाही, असं माझ्या आधीच्या सुपरवायझरने शिकवलं होतं. मीही तेच प्रवीणला शिकवलं.

त्या दिवशी ओव्हन नाही म्हणून मी पहिला हाताला आलेला सेट तसाच बेंचवर घेतला. बेंचवर आम्ही सेटला मुद्दाम अशक्त सिग्नल देतो आणि तो किती बारीक आवाज पकडतो ते बघतो. याने काहीच पकडलं नाही. सिग्नल वाढवला. नाही. आणखी वाढवला, अगदी कानाशी ओरडल्यासारखा, तेव्हा कुठे खरखर झाली. दिवा मात्र लागलेला. नंबर दिसतोय.

सेट उलटा करून लेबल वाचलं. हिराजींच्या लॉंचचा.

सेट उघडला. मागे अँटेनाच्या जोडणीपाशी केसाएवढी चीर होती. तिथून तुषार आत जात होते, सर्किटच्या पट्टीवर मिठाचा ओलसर थर बसत होता आणि सेट बहिरा होत होता. मी तो थर धुतला, घरी कपडे वाळवावेत तसा पंख्याखाली वाळवला, पुन्हा बेंचवर घेतला. ठणठणीत!

म्हणजे तिन्ही वेळा दोष आला होता. तिन्ही वेळा आम्हीच तो आधी धुऊन टाकला आणि मग शोधत बसलो. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी दिली. नव्या तांडेलाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "सेट? मी मोबाइलच वापरतो मॅडम. सेट तर गप्पच असतो." गप्प असतो, हे त्याला तक्रारीसारखं वाटलंच नव्हतं.

हे मला पहिल्या तक्रारीलाच कळलं असतं. एका फेरीला लॉंचवर गेले असते तरी पुरे होतं. मी गेले नाही, कारण मला बोट लागते. बोटींच्या यंत्रांची सुपरवायझर आणि धक्का सुटला की पोटात कालवाकालव. हे फक्त प्रवीणला माहीत होतं. "मॅडमना पाणीपुरीचंसुद्धा पाणी लागतं," असं तो चिडवायचा. लॉंच बांधलेली असली की मी चढायची, काम उरकायची, उतरायची. हिराजी चौकशीत "येऊन बगा" म्हणाले तेव्हा मला आधी उलटी आठवली. त्यांची नोकरी आठवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तो सेट आणि रजिस्टर घेऊन सामंत साहेबांकडे गेले.

"रिपोर्ट दुरुस्त करतो," ते म्हणाले. "दोष उपकरणाचा होता असं लिहू. पण मेडिकलचा शेरा मी कसा पुसणार?"

"साहेब, तीस वर्षं लॉंचवर काढलेल्या कुठल्याही तांडेलाची टेस्ट घ्या. सगळ्यांचं तेच निघेल."

"निघेलच. मग लॉंच कोण चालवणार, तुम्ही?"

मी सेट त्यांच्या टेबलावरच ठेवून आले.

दोन महिने कागदी घोडे नाचले. शेवटी पत्र आलं. घटनेला तांडेल जबाबदार नाहीत. मात्र वैद्यकीय शेरा कायम, निवृत्तीपर्यंत काम गेटवर. मी पत्र घेऊन कोळीवाड्यात त्यांच्या घरी गेले.

हिराजी ओट्यावर जाळ्याला गाठी मारत बसले होते. त्यांची बायको आतून म्हणाली, "वरडून वाचा मॅडम, त्यांना ऐकू येत न्हाय." हिराजींनी पुढची गाठ ओढली. मी त्यांच्याकडे बघितलं. ते जाळ्याकडे बघत होते. मग मी ओरडून वाचलं. आजूबाजूच्या घरांतल्या बायका दारात आल्या. तांडेल जबाबदार नाहीत, हे वाक्य मी दोनदा वाचलं.

"तांडेल, चूक माझी होती," मी म्हटलं. "मला माफ करा."

त्यांनी पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. कोपऱ्यावर ते थांबले.

"नवी लॉंच आली," ते म्हणाले. "इंजिन चुकतंय तिचं. सांगा कोनाला तरी."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. माडांच्या आडून लॉंच दिसायला बराच वेळ गेला. जवळ आल्यावर इंजिनची ती ठेच मलाही ऐकू आली.

"मग घरी सांगत का नाही, ऐकू येतं म्हणून?"

"सांगितला होता. पयल्यांदा लय सांगितला," ते हळूच म्हणाले. "मॅडम, मी बोलतो ते कागद खोटा पाडतो. आता कोन वाद घालील? घरची वरडतान, तं वरडू दे."

पुढच्या वर्षी ते गेटवरूनच निवृत्त झाले. निरोपाच्या नारळाच्या वेळी सामंत साहेब माइक असूनही त्यांच्याशी मोठ्याने बोलले.

मी त्यानंतर नोकरी संपेपर्यंत दर महिन्याला एक फेरी लॉंचवर केली. दर वेळी पिशवी घेऊन, दर वेळी ओकत. प्रवीण आता चिडवत नाही. वर्कशॉपच्या भिंतीवर मी एक नियम रंगवून घेतलाय. वस्तू जशी आली तशी आधी तपासा, मग पुसा. खाली माझी सही आहे. रजिस्टरमधल्या त्या तीन नोंदींखाली आहे, तीच.