पाणी घालायचा दगड

बहारीनमधल्या एका वृत्तपत्रात मी परदेशी बातम्यांचं पान लावतो. त्या दिवशी एक छायाचित्र आलं. कॅनडाच्या अतिउत्तरेला, जिथे झाड उगवत नाही, तिथे संशोधकांच्या तळाजवळ दगडांवर दगड रचून माणसासारख्या खुणा उभारल्या होत्या. तिथले मूळ रहिवासी वाट दाखवायला अशा खुणा रचतात. या मात्र परतीच्या वाटेवर यान फुटून गेलेल्या अंतराळवीरांसाठी होत्या. मी खाली चार ओळी लिहिल्या आणि पान छपाईला सोडलं.

हूरा भागातल्या खोलीत माझ्यासोबत राहणारा मित्र चिपळूणकडचा. मीना सलमान बंदरात ट्रेलर चालवतो. मी आलो की विचारतो, "काय पेपरवाले, आज कोण मेलं?" त्या दिवशी विचारलं नाही. त्याचा धाकटा भाऊ आठवड्यापूर्वी गावी वारला होता. व्हिसा रिन्यूअलमध्ये पासपोर्ट अडकला, त्यामुळे याला जाता आलं नाही. अग्नी चुलत्यांनी दिला. निदान दहाव्याला आपल्या हातचं पाणी भावाला मिळावं, एवढंच त्याला हवं होतं. भटजी फोनवर म्हणाले, पाणी चितेपाशी उचललेल्या दगडावरच घालतात, आणि तो इथे गावी आहे.

मी त्याला छायाचित्र दाखवलं.

"तिथं पडलं काय यान?"

"नाही. अमेरिकेत, पार दक्षिणेला."

"मग दगड तिथं कशाला?"

"त्यांच्या कामातली माणसं तिथे असतात. त्यांनी रचले."

तो बघत राहिला. मी म्हटलं, "दुसरा दगड चालेल का, भटजींना विचारून बघ."

"नको. ते नाही म्हणतील. खलास."

दहाव्याला सकाळी मी त्याच्याबरोबर यार्डात गेलो. ट्रेलरच्या चाकाला लावायचा दगड त्याने नळाखाली धुतला, दक्षिणेकडे तोंड केलं आणि ओंजळीने तीळ-पाणी सोडलं. मी व्हिडिओ लावून फोन धरला होता. पलीकडे त्याची आई होती. केरळी सुपरवायझर "यल्ला, यल्ला" अशी घाई करत आला, तिळांकडे बघून थांबला. दगड लगेच सुकला. त्याने पुन्हा पाणी घातलं.

"दिसतंय काय गं?"

"दिसतंय," आई म्हणाली. मग, "उन्हात नको ठेवू रे त्याला. त्याला ऊन सोसत नाही."

त्याने दगड उचलून ट्रेलरखाली सावलीत ठेवला. सुपरवायझरने त्याची फेरी दुसऱ्या ड्रायव्हरला दिली.