एकाच जागी केलेली दुरुस्ती

बाळकुमच्या कोळ्यांमध्ये कॉम्प्युटरची नोकरी करणारा देवराम तरे पहिलाच. "आमचा देवराम वेबसाइट बनवतो," असं वडील गोमाजी मासळी घ्यायला येणाऱ्यांनाही सांगत. वेबसाइट म्हणजे काय, हे मात्र कोणी विचारू नये असं त्यांना वाटे. १९९९ साली देवराम डोंबिवलीतल्या एका छोट्या कंपनीत होता. कल्याणच्या एका रक्तदाता मंडळाची वेबसाइट त्याने एकट्याने लिहिली. रक्तगट टाकला की दात्यांची नावं आणि फोन नंबर समोर येत. मंडळाने त्याला शाल देऊन सत्कारही केला.

काम घाईत झालेलं. रक्तगटावरून शोधायचं पान त्याने आधी लिहिलं, मग त्याचाच कोड उचलून विभागावरून शोधायचं पान केलं, मग तातडीच्या मागणीचं. कोणाचं नाव दाखवायचं आणि कोणाचं नाही, हे ठरवणाऱ्या ओळी प्रत्येक पानात वेगळ्या पडलेल्या. चालतंय ना, मग कशाला हात लावा, असं त्याचं म्हणणं.

त्या वर्षी विठ्ठलवाडीचे दामाजी गेले. मंडळाचे जुने दाते. तेराव्याच्या आतच त्यांच्या घरी फोन गेला, "दामाजी आहेत का? बी निगेटिव्ह रक्त पाहिजे."

मंडळाने देवरामला कळवलं. जे हयात नाहीत त्यांचं नाव येऊ नये, अशी अट त्याने रक्तगटाच्या पानात घातली. मंडळात माहिती भरणाऱ्या मीराबाईंनी दामाजींच्या नावापुढे तशी नोंद केली. देवरामने एकदा शोधून पाहिलं, नाव आलं नाही.

"झालं काम," तो म्हणाला.

पंधरवड्यात पुन्हा फोन गेला. या वेळी दामाजींच्या पत्नी, हौसाबाई, स्वतःच मंडळात आल्या. देवराम तिथेच होता.

"सुनेने फोन उचलला," त्या म्हणाल्या. "कोणाचा म्हणून मी विचारलं, तर राँग नंबर म्हणाली. माझ्यासाठी खोटं बोलायला लागली पोर."

मंडळाचे अध्यक्ष अण्णा देवरामकडे वळले.

"माझ्याकडून दुरुस्त झालंय," देवराम पटकन म्हणाला. "नोंद करायची राहिली असेल."

अण्णा सगळ्यांसमोर मीराबाईंना नको ते बोलले. "मी केलेली हो नोंद," एवढंच त्या म्हणाल्या. कोणी ऐकलं नाही.

दुपारी ऑफिसात देवरामने विभागाचं पान उघडून विठ्ठलवाडी टाकलं. दामाजींचं नाव सर्वांत वर. मीराबाईंची नोंद जागच्या जागी होती. त्याची अट मात्र एकट्या रक्तगटाच्या पानात. त्याची कानशिलं तापली. मुकाट्याने दोन ओळी घालाव्यात, कोणाला कळणार आहे, असंही त्याच्या मनात येऊन गेलं, आणि त्याची त्याला आणखीच लाज वाटली.

त्याने नाव दाखवायचं की नाही हे ठरवणाऱ्या ओळी सगळ्या पानांतून काढल्या, एकाच ठिकाणी नीट लिहिल्या आणि प्रत्येक पान त्या तिथूनच घेईल असं केलं. मग एकेक फाइल वाचत गेला. छापील यादी काढायचं एक पान तो साफ विसरला होता. तिथेही दामाजी होतेच.

दुसऱ्या दिवशी सगळे जमल्यावर तो उभा राहिला. "नोंद मीराबाईंनी केलेली. चूक माझ्या कोडमध्ये होती. मी न बघताच त्यांच्यावर ढकलली."

"अरे, होतं असं," अण्णा म्हणाले. "आता चालतंय ना?"

मीराबाई मान वर न करता म्हणाल्या, "काल घरी मी सांगितलं, माझ्याच हातून राहिलं असेल. मलाही तसंच वाटायला लागलेलं."



संध्याकाळी तो विठ्ठलवाडीला गेला. हौसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण त्या माणसाला रक्त मिळालं का?"

त्याला माहीत नव्हतं. विचारायचं सुचलंच नव्हतं. सुनेने फोनवर ऐकलेल्या हॉस्पिटलात त्याने सकाळी चौकशी केली. उल्हासनगरच्या एका दात्याने दिलं होतं, पेशंट घरी गेला होता. हे सांगायला तो पुन्हा त्यांच्या दारी गेला.

"बरं झालं," हौसाबाई म्हणाल्या आणि पाणी आणायला आत गेल्या.

मंडळाचं काम देवरामने पुढे कितीतरी वर्षं केलं. मीराबाई कधी वाकडं बोलल्या नाहीत. फक्त आधी त्या त्याला "अरे देवराम" म्हणायच्या, ते "तरेसाहेब" म्हणू लागल्या.