मापटंभर इंग्रजी

बातमी चांगुणेनं आणली. चांगुणा डोंगराकडच्या ठाकरवाडीतली. मोळी विकायला कर्जतला जाते आणि पोराचा कान फुटलाय म्हणून आमच्या खालापूरच्या दवाखान्यात येते. दारातूनच म्हणाली, "बाय, तुमचं कर्जतचं मास्तर गेलं गं. काल सांजंला." मी हातातल्या बाटलीला बूच लावलं आणि बाटली जागेवर ठेवली. महिना होत आला, पण अजून पोस्टमन आला की वाटतं, नानांचं कार्ड असेल...

नानामास्तर कर्जतच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या घराला लागूनच त्यांचं घर. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच मी कपाळ पुसून दादाकडे परत आले, तेव्हा त्या घराच्या ओटीवरून पोरांचा कालवा ऐकू यायचा. नानांना एक वेड होतं. कोणत्या पोराला इंग्रजीचे किती शब्द येतात, ते ते मोजायचे. "पुस्तक संपलं म्हणजे इंग्रजी आलं असं नव्हे रे गाढवांनो! पोटात किती उतरलं ते बघू." सगळी डिक्शनरी विचारायची म्हणजे जन्म जायचा. पण नानांच्या वडिलांचा तांदळाचा व्यापार. व्यापारी काय पोतं उसवून दाणे मोजतो? सळई खुपसतो, मूठभर काढतो आणि पोत्याचा भाव सांगतो. तसे नाना ठरावीक पानं सोडून डिक्शनरी उघडत आणि पानावरचा पहिला शब्द विचारत. येत असला की धान्य मोजायच्या मापट्यात एक चिंचोका. शेवटी मापटं किती भरलं त्यावरून पोराचं सगळं इंग्रजी ते अंदाजानं सांगत. एकदा त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, ते चिंचोके साधे समजून भाजले आणि आल्यागेल्याला वाटले. नाना दिवसभर ओरडत होते, "अगं, पाचवीचा आख्खा वर्ग खाल्लास!"

पण खरी गंमत पुढे आहे. आपल्याकडे मास्तरांना 'नाही' म्हणायची रीत नाही. वडीलधाऱ्यानं 'समजलं ना?' विचारलं की 'हो जी' म्हणायचं, समजो न समजो. त्यामुळे मापटी भराभर भरायची आणि अर्थ विचारला की बोंब. मग नानांनी तांदळात निघतात तसे खडे घालायला सुरुवात केली. खडा म्हणजे त्यांनी घरी बसून बनवलेला शब्द, दिसायला इंग्रजी, पण जगात कुठे नसलेला. 'ब्लॅम्पिश' हा त्यांचा लाडका खडा. पहिल्या दिवशी सगळ्या वर्गानं हात वर केला. एका कारकुनाच्या चिरंजीवांनी तर उभं राहून वाक्यच ठोकलं, "धिस मँगो इज ब्लॅम्पिश!" नाना हसून हसून ओटीवर आडवे झाले. खडा उचलला की मापट्यातला एक चिंचोका परत काढायचा, हा नियम तेव्हापासून. हे वेड ते कुठेही चालवायचे. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी नवऱ्या मुलालाच खडा घातला, आणि मुलाकडची माणसं जेवण टाकून उठायची ती थोडक्यात राहिली. काकूंनी त्या दिवशी त्यांच्याशी अबोला धरला होता.

मी भिंतीआडून ऐकत ऐकतच शिकले. एक दिवस नानांनी हाक मारली, "दुर्गे, तिकडून ओठ हलवतेस त्यापेक्षा इकडे येऊन बस." मुंबईच्या एका इस्पितळात नर्सबाईंचं शिक्षण मिळतं, हेही त्यांनीच शोधून काढलं. दादानं आकाशपाताळ एक केलं. शेवटी म्हणाला, "एकदा जाऊन ये. नाही घेतलं तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. चूल आहे आणि तू आहेस." म्हणजे एकच संधी. आणि माझं मापटं अर्धंही भरत नव्हतं! मी रडले. नाना म्हणाले, "रडतेस कशाला? तू अजून एकही खडा उचललेला नाहीस. तेवढं सांभाळ."

मुलाखतीला गोरी डॉक्टरीणबाई होती. माझ्या आधीच्या मुली फाडफाड बोलत होत्या. बाईनं औषधाची बाटली पुढे केली आणि तिच्यावरचा एक शब्द बोटानं दाखवला. आधीच्या सगळ्यांनी त्याचा काही ना काही अर्थ ठोकून दिला असणार, हे मला कळत होतं. माझ्या डोळ्यांपुढे दादाची चूल आली. तोंडात 'येस' आलं होतं, अगदी दातांपर्यंत... मी म्हटलं, "आय डू नॉट नो." बाईनं विचारलं, अंदाजानं का नाही सांगितलंस? माझ्या मोडक्या इंग्रजीत मी म्हटलं, "देन पेशंट विल ड्रिंक." तिनं माझं नाव लिहून घेतलं. नाना ही गोष्ट कर्जतभर सांगत सुटले. "येत नाही म्हणून पास झाली हो आमची पोर!" दादाचा राग गेला नव्हता, पण गाडीत बसवायला स्वतः आला.

शेवटची भेट माघातली. पायांवर सूज, श्वास पुरत नव्हता. नाडी धरली आणि मला जे कळायचं ते कळलं. काकू आत गेल्यावर नानांनी विचारलं, "दुर्गे, आंब्यांपर्यंत आहे का गं मी?"

"माहीत नाही, नाना."

त्यांनी माझा चेहरा वाचला. मग हसले. "खडा! माहीत असून नाही म्हणालीस, आयुष्यात पहिल्यांदा उचललास. दे बघू ते मापटं." मला त्यांनी एक चिंचोका काढायला लावला. "आता खरं सांग."

त्यांनी वाट बघितली, वर्गात बघायचे तशी. मी म्हटलं, "नाही, नाना. आंब्यांपर्यंत नाही."

"बरं झालं सांगितलंस. मग पोरांना उद्यापासून खाटेपाशीच बोलावतो, मोजणी राहिलीय." मी चिंचोका परत टाकायला गेले तर म्हणाले, "राहू दे तुझ्याकडे. लागेल." पुढचे काही दिवस पोरं खाटेभोवती बसत होती, असं काकू सांगत होत्या.

तो चिंचोका माझ्या कोटाच्या खिशात असतो. परवा चांगुणा पोराला घेऊन आली. कान धुतला, औषध घातलं. तिनं माझा हात धरला. "बाय, माज्या पोराला ऐकू येल ना गं?" तिला 'हो' हवं होतं. आणि मला ते द्यायचं होतं, किती द्यायचं होतं! हात खिशात गेला.

"माहीत नाही गं चांगुणे," मी म्हटलं. या वेळी मात्र ते खरं होतं.